एका खुर्चीचा विरोधी पक्ष

अल्सीडची बायको गेल्याच्या नवव्या दिवशी शेजारणींनी रिवाजाप्रमाणे तिचा पलंग दुसऱ्या भिंतीला लावला. आपली जागा सापडली नाही की गेलेलं माणूस घर सोडतं. बेटाच्या पंधरा खुर्च्यांच्या संसदेत ती एकटीच विरोधात बसायची. दवाखान्यात ऑक्सिजन का नसतो, हे प्रत्येक अधिवेशनात विचारायची. त्याच दवाखान्यात दम्याने गुदमरून गेली. पंतप्रधान तिचा मामेभाऊ. रमचा पेला घेऊन तो अल्सीडजवळ टेकला. "दाजी, पोटनिवडणुकीला आमच्याकडून उभे राहा. ताईच्या नावावर झोपेतही निवडून याल." "आणि तिचा प्रश्न?" "घरातलं भांडण घरातच मिटवू. तिची खुर्चीसुद्धा आमच्या बाजूला हलवलीय." अल्सीड आत गेला. पलंग त्याने एकट्यानेच ओढत जुन्या जागी नेला. "अहो, अशानं ती जायची नाही!" शेजारीण ओरडली. "राहू दे तिला," तो मागोमाग दारात आलेल्या पंतप्रधानाला म्हणाला. "तिचा प्रश्न बाकी आहे."