अट

"बाळ वाचलंय," दार लावून घेत साहेब म्हणाले. "नर्सनं वेळेत पंप बंद केला. पण हॉस्पिटलला उत्तर हवंय, आणि आजच हवंय."

टेबलाशी तिघंच होते. साहेब, मावशी आणि मावशीचा भाचा. सख्ख्या बहिणीचा मुलगा. मावशीनेच शब्द टाकून त्याला इथे चिकटवला होता. तो मावशी म्हणायचा म्हणून बघता बघता अख्खं ऑफिस तिला मावशी म्हणू लागलं. त्याला मात्र सगळे पाठीमागे होयबा म्हणत. त्याच्याइतक्या तत्परतेने मान हलवणारा माणूस त्या मजल्यावर दुसरा नव्हता.

भिंतीवरच्या पडद्यावर, सगळं नीट बसल्याच्या हिरव्या खुणांची रांग होती. तान्ह्या बाळांच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारा पंप, आणि किती सोडायचं हे ठरवणारा मावशीचा प्रोग्रॅम. काल हॉस्पिटलने आपल्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमिंगच्या भाषेची नवी आवृत्ती घेतली, त्यामुळे त्या भाषेतलं सगळंच नव्याने बसवावं लागलं. ते विनातक्रार बसलं. आणि रात्रीतून एका बाळाला औषध दुप्पट गेलं.

"हलक्या वजनाच्या बाळांना जास्त औषध सोडायची ती चूक तुम्ही मागेच सुधारली होती ना?"

"पाचव्या आवृत्तीत सुधारली. काल तिथं चौथी बसली."

"नवी असताना जुनी कशी बसेल?"

"पॅकेज मॅनेजरनं, म्हणजे बाकीचे प्रोग्रॅम आपोआप बसवणाऱ्या प्रोग्रॅमनं बसवली. या भाषेवर काय काय चालेल ते बघायचं आणि त्यातलं सगळ्यात नवं उचलायचं, एवढंच त्याचं काम. पाचवीवर मी अट घातलीय, की ही नव्या भाषेवर तपासलेली नाही, बसवू नका. ती वाचून तो मुकाट एक पायरी मागं गेला. चौथीवर अटच नाही. तेव्हा आपण लिहीत नव्हतो. जी काही बोललीच नाही तिला सगळं चालतं, असं त्यानं धरलं."

"म्हणजे तुम्ही अट घातली नसती, तर पाचवी बसली असती." साहेबांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. "तुमच्या अटीमुळं झालं हे."

यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून ते मावशीला जास्त लागलं. करायला गेली काय आणि वर झाले पाय. खरं बोलणारी आवृत्ती दाराबाहेर राहिली आणि तोंड मिटून बसलेली थेट बाळाच्या उशाशी पोचली.

"म्हणूनच चौथी काढून टाकू द्या म्हणत होते मी," मावशी म्हणाली. "याच खोलीत. तुम्ही म्हणालात, मोठ्यांच्या वॉर्डात चालतेय ना, मग चालू दे, ग्राहकांना कशाला डिवचायचं."

"मी म्हणालो?" साहेबांनी तिच्याकडे न बघता भाच्याला विचारलं. "तू होतास ना रे तेव्हा?"

तो होता. याच खुर्चीत होता. घरी जाताना गाडीत, "मावशी, तुझंच बरोबर होतं," असंही तोच म्हणाला होता. आता तो पडद्यावरच्या हिरव्या खुणा बघत राहिला. त्याची ती हलकी मान आज हलेना.

"मॅडम असं काही बोलल्याचं मला आठवत नाही, सर."

मॅडम. मावशीने त्याच्याकडे पाहिलं. नोकरीचं जे व्हायचं ते होईल, पण हा शब्द याने घरून आणलेला नव्हता, इथेच आत्ता शोधला होता, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं.

"तुम्ही थोडे दिवस विश्रांती घ्या," साहेब म्हणाले. "हॉस्पिटलला काय सांगायचं ते आम्ही बघतो."

त्या ऑफिसातून विश्रांतीला गेलेलं माणूस परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

ती खण रिकामा करत असताना तो लॅपटॉप घेऊन आला. आजूबाजूला कुणी नाही हे बघून त्याने शेजारची खुर्ची ओढली.

"मावशी, अगं, ती अट काढायला सांगितलीय मला. म्हणजे पाचवी सगळीकडं बसेल, चौथीचा प्रश्नच नाही."

"नव्या भाषेवर तपासली?"

"नंतर बघू म्हणालेत. हॉस्पिटल थांबायला तयार नाही."

"मग बाळांवरच तपासा."

त्याने लॅपटॉप उघडला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "कुठं लिहिलीयस गं ती?"

"शोध."

त्याने शोधली. वेळ लागला, पण सापडली. एकच ओळ होती. त्याने ती पुसली आणि काम पॅकेज मॅनेजरवर सोपवलं. क्षणभराने पडद्यावर हिरव्या खुणा एकीखाली एक उमटत गेल्या. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

मावशीने चष्मा नीट केला आणि पडद्यावर बोट ठेवलं. पुसलेल्या ओळीच्या जरा वर तिचं पूर्ण नाव होतं, आणि त्याआधी लिहिलं होतं: जबाबदार व्यक्ती.

"आता एवढं कर माझ्यासाठी. हेही पुसून टाक."

त्याने लॅपटॉप हळूच मिटला.

"तेवढं राहू दे म्हणालेत, मावशी."