नवी कातडी

हिलालआप्पांच्या नडगीवरची जखम वर्षानुवर्षं वाहत होती. शेवटी सुरतेच्या डॉक्टरांनी आप्पांच्याच हाडातल्या मूळपेशी काढून जखमेत सोडल्या, आणि ती भरली. नवी कातडी आली ती पोरासारखी मऊ. आप्पा तिच्यावरून सारखा हात फिरवत.

आज दुपारी तिथं खरचटलेलं दिसलं. आप्पा तर कुठंच पडले नव्हते. पण ती खूण त्यांनी ओळखली. लहानपणी कोरीटला मिरच्यांच्या बैलगाडीवरून पडले, तेव्हाची. मायनं हळद दाबून फुंकर घातली होती. माय जाऊन किती दिवाळ्या झाल्या!

"आप्पा, हाई हयद कोनी लाई?" दारातून सून निशानं विचारलं.

आप्पांनी खाली पाहिलं. हळद ओली होती.

"तूच ना व?"

"मी ते आत्ते उनू."

ती नुकतीच आलेली, अजून दारातच होती, आणि आप्पांच्या नडगीवर हळूच फुंकर आली.