तांडेलाची जागा

कयाकमध्ये मासे शोधायची दोन यंत्रं मांडून बसलेल्या पुण्याच्या साहेबाकडे बघत भिकाजी तांडेल खाडीत पचकन थुंकला. दुकानदाराने दोन्ही यंत्रं एक दिवस वापरून बघायला दिली होती, आणि हे घ्यावं की ते, हे साहेबाचं काही केल्या ठरत नव्हतं.

“मासो बघूक टीव्ही लागता तुका?” भिकाजीने होडी सोडली. “माझ्या मागसून ये. तुझ्या डबड्यांका काय दिसता तां बघूया.”

देवळाचा कळस आणि टेकडीवरचा एकटा माड एका रेषेत आले, तसं त्याने वल्हं उचलून होडी थांबवली. खालच्या खडकातल्या तांबोशी माशांची ही जागा चाळीस वर्षांत त्याने सख्ख्या भावालाही सांगितली नव्हती.

दोन्ही पडदे माशांनी भरून गेले. “ह्यां माका डोळे मिटून दिसता,” भिकाजी तुच्छतेने हसला.

साहेबाने एक यंत्र बंद केलं. “ठरलं काका, हे दुसरंच घेतो. हे जागासुद्धा नकाशावर जपून ठेवतं. आमच्या दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकली पण. रविवारी सगळे इथेच!” त्याने कौतुकाने पडदा भिकाजीकडे वळवला. “आणि जागेला नाव तुमचंच दिलंय.”