एक नंबरची जर्सी

हसरा वाघ. थोडा कमी लाल असा लाल. कॉलर अर्धा सेंटिमीटर रुंद. अध्यक्षांचं नाव, पण ठसठशीत.

मुलींच्या फुटबॉल संघाच्या समितीने सांगितलं तसं डिझायनरने संगणकावर जर्सीचं चित्र अकरा वेळा बदललं. संगणकावरच्या व्हेक्टर रेखाटनातलं अक्षर कितीही ताणलं तरी त्याच्या कडा फुटत नाहीत, त्यामुळे अध्यक्ष छातीवरून काखेपर्यंत पोचले. गोलकीपर कोण, यावर मात्र समितीचं काही केल्या जमेना. म्हणून नमुन्यात एक नंबरच्या पाठीवर त्याने तात्पुरतं ‘चिमणी’ लिहून ठेवलं. पाठ कोणी पाहिलीच नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि जर्सी छापून आल्या.

“एक जरी चूक निघाली, तर उद्यापासून येऊ नकोस,” छपाईच्या दुकानाच्या मालकाने त्याला बजावलं होतं. डिझायनरने समितीपुढे गठ्ठा सोडला, तेव्हा मालक शेजारीच उभा होता.

सचिवांनी जर्सी उलटी केली. “ही चिमणी कोण?”

“माझी मुलगी, साहेब. ते चुकून...”

“समितीने सही केलेली जर्सी चुकत नसते. उंची किती तिची?”

“अजून वाढतेय.”

“आणि पकड?”

“हाताला लागलं की सोडत नाही.”

“मग झालं की! आणखी काय लागतं गोलकीपरला?” सचिवांनी सुटकेचा निःश्वास टाकला. “उद्या सकाळी सरावाला पाठवा.”

डिझायनरने मालकाकडे पाहिलं. मालक हसत होता.

“पाठवतो, साहेब.”

चिमणी मंगळवारी पहिल्यांदा रांगली होती.