वटदेवीची चोळी

हूक लागत नव्हता. स्मृतीने श्वास आत ओढला, खांदे मागे घेतले, तरी चोळीच्या दोन कडांमध्ये चार बोटं पाठ उघडीच राहिली.

"झालं का?" वडाच्या पलीकडून तिच्या वडिलांचा, अण्णांचा आवाज आला. "धुकं चाललं."

"सार, धुकं काय तुमच्या फॅक्टरीतलं हाय काय, भोंगा होईपर्यंत थांबायला?" कल्लाप्पा म्हणाला. बेंगळूरच्या पीण्या वसाहतीतल्या कारखान्यात अण्णा ड्राफ्ट्समन होते आणि कल्लाप्पा फिटर. गेली पंधरा वर्षं दर रविवारी त्याच्या मॅटाडोरमधून अण्णांचा कॅमेरा, त्याचं तीन पायांचं तिकाटणं आणि पोशाखांची ट्रंक बेंगळूरच्या बाहेर जात असे. आज गाडी केंगेरीच्या पुढच्या मोठ्या वडाखाली आली होती.

अण्णा जगात नसलेल्या बायकांचे फोटो काढत. तळ्यातली देवता, पाचोळ्याची राणी, खडकातून निघालेली यक्षिणी. चेहरा प्रत्येक वेळी स्मृतीच्या आईचा आणि पोशाख तिच्याच हातचा. चिकपेटेच्या बाजारातून आणलेले रेशमाचे तुकडे, ताग, चहाच्या पाण्यात रंगवलेली मलमल. आई हेसरघट्ट्याच्या तळ्यात कमरेएवढी उभी राहिली होती, सावनदुर्गाच्या खडकावर भर उन्हात अनवाणी उभी राहिली होती. स्मृती समोर चांदीचा कागद डकवलेला पुठ्ठा धरून आईच्या तोंडावर उजेड पाडत असे. हे काम ती नवव्या वर्षापासून करत होती. आता ती अठ्ठावीस वर्षांची होती.

सोळाव्या वर्षी एकदा तिने म्हटलं होतं, "माझा एक काढा ना, अण्णा."

अण्णांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं होतं. मग म्हणाले होते, "तुझा चेहरा घरातला आहे गं." शेजारी आई सुईत दोरा ओवत होती.

वटदेवीचा पोशाख आईने अंथरुणात, उशांना टेकून शिवला. पाच महिने लागले. भेटायला आलेल्यांना ती तो उलगडून दाखवी. पारंब्यांसारखी लोंबणारी तागाची झालर, चोळीवर तिळाएवढे मणी. "अनुसूयाक्का, लवकर बऱ्या व्हा आणि घाला," असं म्हणून लोक उठत. आई त्याच आशेवर शिवते आहे, असं सगळ्यांना वाटत होतं. स्मृतीलाही. पौषात आई गेली.

दोन महिन्यांनी अण्णांनी ट्रंक उघडली. महिनाअखेर प्रदर्शनाला प्रिंट पाठवायची होती. "रविवारी वडाकडे जाऊ," ते म्हणाले. "तू घाल."

"वर्षाच्या आत नटायचं?" गोदूबाई आत्या स्वयंपाकघरातून ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली.

"सरी," स्मृतीने अण्णांना कानडीतला होकार दिला. आईचं शेवटचं काम ट्रंकेत कुजू नये, असं तिने आत्याला सांगितलं. अण्णा एकदा तरी कॅमेऱ्याच्या काचेतून आपल्याकडे बघतील, हे तिने कोणाला सांगितलं नाही.

चोळी होणार नाही, हे खरं तर तिला कळायला हवं होतं. आई शेवटी शेवटी स्मृतीच्या निम्मीच उरली होती आणि चोळी त्या उरलेल्या अंगाची होती. पण त्याची काळजी नव्हती. आई बाजूच्या शिलाईत नेहमी दोन बोटं जादा कापड ठेवायची. माणसाचं अंग काय, आज एक आणि उद्या एक, म्हणायची. तिचा प्रत्येक पोशाख दोन-तीनदा उसवून सैल केलेला होता.

स्मृतीने शाल पांघरली, चोळी उतरवली आणि पारंब्यांच्या आड बसून ब्लेडने तीन इंच टाके काढले. कड उलटून पाहिली. आत कापड नव्हतं. टाक्याच्या अगदी लगत कात्री फिरवलेली होती. तिने दुसरी बाजू उसवली. तिथेही तसंच. बाहीतही.

"काय चाललंय?" अण्णा वळसा घालून आले.

"सैल करता येत नाही. आत काहीच ठेवलेलं नाही. आईने स्वतःच्या मापाची—"

"स्वतःच्या मापाची का?" अण्णा वैतागले. "श्रावणातच बजावलं होतं मी तिला. कापडाला कात्री लावायच्या आधी. तुझा चेहरा आता उतरलाय, हा फोटो स्मृतीवर काढू, तिच्या मापाचा शिव म्हणून."

पलीकडे कल्लाप्पा ट्रंक बंद करत होता. त्याचा हात थांबला.

"असं म्हणालात तिला?" स्मृतीने विचारलं.

"मग? खोटं बोलायचं?"

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. सरी म्हणाली." अण्णांनी वर झाडाकडे पाहिलं. फांद्यांतून ऊन उतरू लागलं होतं. "विसरली असेल. आजारपणात काय लक्षात राहतं माणसाच्या? जा, पिना लाव. मी समोरूनच घेतो, पाठ कुठे दिसणार आहे?"

स्मृतीने चोळी मांडीवर पसरली. टाके तांदळाच्या कणीएवढे होते, सगळे सारखे. मण्यांची एकही ओळ हललेली नव्हती.

"विसरली नाही, अण्णा," ती म्हणाली. "श्रावणात तिने मला जवळ बोलावून माझं माप घेतलं होतं. दिवाळीच्या ब्लाऊजसाठी, म्हणाली. दोनदा घेतलं."