कसल्याही मातीत

डांबर संपलं तिथं शववाहिका थांबली. पुढं शेताकडे जाणारी काळ्या मातीची गाडवाट होती आणि रात्रीच्या पावसानं तिचा नुसता चिखल झाला होता. चाकं रुततील, गाडी पुढं जाणार नाही, असं ड्रायव्हरनं हात जोडून सांगितलं.

विहिरीजवळचा निंब तिथून दिसत होता. त्या निंबाखाली मला अग्नी द्या, एवढंच जीवराम आबांनी धुळ्याच्या दवाखान्यात मयुरीला, त्यांच्या मुलीला, सांगितलं होतं. सकाळी तिनं ते घरात सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. लोक बांधाबांधानं पुढं जाऊन सरण रचतही होते. आता ट्रॅक्टर आला की आबांना न्यायचं. ट्रॅक्टर सोनगीरहून निघालाय, असं तिचा चुलतभाऊ मगन प्रत्येक फोननंतर सांगत होता. ऊन कललं होतं. फारच उशीर झाला तर गावच्या स्मशानात उरकू, असंही तो मध्येच बोलून गेला.

शववाहिकेत आई आबांच्या पायाशी बसून होती. बर्फाच्या लाद्यांचं पाणी दारातून ठिबकत होतं.

रस्त्याच्या कडेला दोन उंच गाड्या उभ्या होत्या. एक मगनची, दुसरी तेजसची. मयुरीच्या या धाकट्या भावानं दसऱ्यालाच गाडी घेतली होती. सकाळी दोघांनी त्या इथं आणून लावल्या होत्या, आणि जाताना अडचण नको म्हणून तेजसनं आपली गाडी गावाकडे तोंड करून वळवूनही ठेवली होती. आता तो विस्तवाचं मडकं घेऊन उभा होता. मडकं एकदा घरून उचललं की सरणापर्यंत खाली टेकवायचं नसतं. धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्यानं तो हात लांब धरला होता आणि दुसऱ्या हातानं तो मगनला गाडीची मागची बाजू दाखवत होता.

बोलणं पेलोडचं, कोणती गाडी किती वजन ओढते याचं चाललं होतं. कंपनी लिहिते एक आणि गाडी उचलते एक, असं मगनचं म्हणणं होतं. त्याच्या गाडीनं खताच्या दहा गोण्या आणि वर दोन माणसं घेऊन नाला पार केला होता. तेजसची नुसती दिसायला दांडगी, पाच जण बसले की तिचा दम संपला. तेजसनं सस्पेन्शनचं काहीतरी सांगितलं. मगन हसला.

"तुमच्या घरचे पाच की आमच्या घरचे? तुझी वहिनी एकटीच दोन गोण्यांची आहे."

तेजसही हसला. मडकं हललं, दोन ठिणग्या उडाल्या.

आधी मयुरीला वाटलं होतं, दुःख जवळ येऊ नये म्हणून माणसं असं काहीबाही बोलत राहतात. तिनं तसं समजून घ्यायचा प्रयत्नही केला. मग मगननं टायरवर लाथ मारून बघितली.

"आपली फोर बाय फोर आहे, तेजस. कसल्याही मातीत घाल, मागं सरणार नाही."

मयुरी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मग आबांच्या मातीला घाला ना, मगनभाऊ. चाळीस किलोसुद्धा राहिले नव्हते ते."

मगननं फोनकडे पाहिलं. मग सांगू लागला. त्याच्या गाडीच्या मागच्या सीटा पूर्ण आडव्या होत नाहीत. तिरडी आत बसायची नाही, दार उघडं ठेवावं लागेल. शिवाय तिरडी, धरायला चार माणसं, वर हा चिखल, लोड फार होतो. तिनं तेजसकडे पाहिलं.

"अक्का, माझी गाडी अजून धनदाईला नेलेली नाही," तो हळूच म्हणाला. "देवीच्या आधी मयत कशी घालायची तिच्यात?"

मयुरीला एकदम शिसारी आली. त्या दोघांच्या तोंडाकडे तिला बघवेना. तिनं शववाहिकेचं दार पूर्ण उघडलं.

उशीर का होतोय ते बघायला शेजारचे रतिलालनाना दोघा जणांना घेऊन चिखल तुडवत परत आले होते. तिघेही गुडघ्यापर्यंत भरलेले. त्यांना काही सांगावं लागलं नाही. चौथा खांदा कमी होता. मगननं शर्ट वर करून कंबरदुखीचा पट्टा दाखवला. ड्रायव्हरनं बूट काढून सीटखाली सारले, पँट वर दुमडली आणि येऊन दांडा धरला.

"आबाले काही वजनच नही राह्यनं रे," उचलताना रतिलालनाना म्हणाले.

तेजस मडकं घेऊन पुढं झाला. डांबरावरून खाली उतरताना ड्रायव्हरचा पाय घसरला. तिरडी कलंडली नाही, चौघांनी सावरली. चिखलाचा एक फटकारा मात्र उडाला तो थेट तेजसच्या गाडीच्या मागच्या काचेवर.

तेजस थांबला.

"मडकं खाले ठेवू नको रे भाऊ," रतिलालनाना ओरडले. पण त्यानं ते ठेवलं होतं. रस्त्यावर, बर्फाच्या ओघळाशेजारी.

चौघे खांद्यावर आबांना घेऊन चिखलात उभे राहिले. तेजसनं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि तो काच पुसू लागला, हलक्या हातानं, अक्षरं खरवडणार नाहीत अशा बेतानं. चिखल निघत गेला तसं एकेक अक्षर वर आलं. आबांचा आशीर्वाद.