मेजरचा कोटा

"दोनच?" माणिकरावांनी पिशवीत डोकावून विचारलं.

"या टायमाला दोनच देऊन राहिले दादा," वसराम म्हणाला. "कोटा कमी केला म्हनं."

हिंगोलीतल्या त्या बंगल्याच्या व्हरांड्यात चार खुर्च्या होत्या आणि चारही भरलेल्या होत्या. वसराम राठोड उभाच होता. पंधरा वर्षं फौजेत काढून वर्षापूर्वी तांड्यावर परतलेला माणूस. हुद्दा होता नाईकाचा, पण आपल्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. म्हणायला पैसे पडत नाहीत.

रमच्या त्या बाटल्या आणायला तो रात्रीच्या एसटीनं औरंगाबादला गेला होता. छावणीतल्या फौजी कँटीनसमोर माजी सैनिकाचा महिन्याचा कोटा घ्यायला रांगेत उभा राहिला, बाटल्या स्वेटरात गुंडाळल्या आणि मांडीवर घेऊन परत आला. स्वतः तो थेंबाला शिवत नाही. तरी वर्षभर हे चाललं होतं, कारण माणिकरावांच्या आश्रमशाळेत चौकीदाराची जागा निघणार होती आणि "ती जागा मेजरचीच" असं माणिकराव दर खेपेला बाटल्या आत ठेवता ठेवता सांगत होते.

पलटणीतली माणसं कमी करायची ठरली तेव्हा वसरामला मुदतवाढ मिळाली नव्हती. पेन्शनीत चूल पेटायची, पण मिना आणि दिपा या दोन पोरींच्या शाळेचा खर्च भागत नव्हता. आता दिवाळी सरली होती. ऊसतोडीच्या टोळीला न्यायला मुकादमाचा ट्रक उद्या तांड्यावर येणार होता. जागा मिळाली तर पोरी शाळेत राहणार, नाही तर बायको रुक्माबाई आणि पोरींसकट सगळं घर ट्रकात चढणार. तेवढं विचारायलाच वसराम आज आला होता.

पण कोटा कमी झाल्याचं ऐकून माणिकराव असे भडकले की त्याला तोंड उघडता येईना.

"बघा!" ते पाहुण्यांना म्हणाले. "फौजेत कपात! बाँब फोडायला पैसा हाय, अन् जवानाच्या तोंडचं काढून घेऊन राहिले. या मानसानं बर्फात हाडं गोठवली. त्याच्या हक्काच्या बाटल्या कापता? लाज वाटाय पायजे सरकारला!"

उन्हाळ्यात अणुबाँबची चाचणी झाली तेव्हा याच माणिकरावांनी चौकात पेढे वाटले होते, आणि दुसरा कुणी फौजी हाताशी नव्हता म्हणून वसरामच्या गळ्यात हार घातला होता. आता त्यांचा आवाज खरोखरच भरून आला होता. जवानावरच्या अन्यायानं एवढा कासावीस झालेला माणूस अख्ख्या तालुक्यात दुसरा सापडला नसता. पाहुणे माना डोलवत होते. त्यांच्यातले चष्मेवाले साहेब, कुठल्याशा गोदामाचा कारभार बघणारे, ते तर चक्क हळहळले.

सगळ्यांची हळहळ संपेपर्यंत वसराम थांबला.

"दादा, चौकीदाराच्या जागेचं काय झालं? उद्या टरक येऊन राहिला."

"ती व्हय?" माणिकरावांनी एक बाटली टेपॉयवर ठेवली, दुसरी उजेडाला धरली. "ती भरली की मागच्या हप्त्यात. आमच्या साडूच्या पोराला लावलं. दहावीत दोनदा गचकलं बिचारं, कुठं तरी लावावं लागते. तुमाला काय मेजर, पेन्शन हाय, कँटीन हाय. पुढच्या महिन्यात जरा लवकर जा, म्हंजी पुऱ्या मिळतील."

फौजेनं वसरामला चार भाषांतल्या शिव्या शिकवल्या होत्या, त्यातली एकही वेळेवर आठवेना. त्यानं माणिकरावांच्या हातातली बाटली काढून घेतली. टेपॉयवरची उचलली. दोन्ही परत पिशवीत घातल्या.

"दादा, साडूच्या पोराला फौजेत घाला," तो म्हणाला. "पंधरा वर्सं बर्फात ठिवा. मंग बाटल्या घरच्या घरी येतील. माज्यासारखा भाड्याचा मेजर लागनार न्हाई."

माणिकरावांचा हात बाटली धरल्यासारखा तसाच राहिला. वसराम पायऱ्या उतरला आणि फाटकाबाहेर पडला. वर्षभरात पहिल्यांदा तो या घरातून मान वर करून निघाला होता. ट्रकात बसायचं तर बसू, असं त्यानं ठरवूनसुद्धा टाकलं.

मागून चपलांचा आवाज आला. चष्मेवाले साहेब लगबगीनं येत होते.

"शाबास मेजर!" त्यांनी वसरामच्या खांद्यावर हात ठेवला. "असं तोंडावर सुनवायला फौजीच लागते. आमी सगळे नुसते होयबा. माझ्या तर अंगावर काटा आला."

वसरामला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या.

साहेबांनी वळून बंगल्याकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आमच्या गोदामावर बी एक चौकीदाराची जागा निघून राहिली. तिथं तुमच्यासारखाच मानूस पायजे, बराबर." मग त्यांनी पिशवीकडं पाहिलं. "ह्या दोन आता वापस कुठं नेता?"

दोन्ही बाटल्या याच्या टाळक्यात फोडाव्यात, असं वसरामला वाटलं. आधी एक, मग दुसरी.

"जागा कवा निघंल साहेब?" त्यानं विचारलं.

साहेबांनी पिशवीचा एक बंद धरलाच होता. वसरामनं दुसरा सोडला.